नव्वदची रेघ

"आठ दहाला निघायचं म्हणजे आठ दहा. सव्वाआठ नाही," असं म्हणत आजोबांच्या मुलीनं जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि चारी कोपऱ्यांवर चार कप ठेवले.

बस डेपोत वेळापत्रकं आखण्यात तिची बारा वर्षं गेली होती. माहेरी राहायला आली तरी हातातली पेन्सिल सुटत नव्हती. उद्या, रविवारी, सगळे मिळून थीम पार्कला जाणार होते, आणि त्या एका दिवसाचा तिनं चार रंगांत तक्ता केला होता.

"आठ दहा, प्रस्थान. आठ पन्नास, पेट्रोल पंपावर ठोंब्याचं दूध. नऊ वीस, पार्कचं फाटक. नऊ वीस ते नऊ चाळीस, राखीव."

"राखीव कशाला?" तिच्या भावानं विचारलं.

"तुझ्या लेकीच्या रडण्याला. ती फाटकापाशी पहिला फुगेवाला बघेल आणि बसकण मारेल. वीस मिनिटं धरलीत. त्याहून जास्त रडली तर पुढची गाडी लेट."

"माझी लेक रडत नाही. मागणी मांडते."

आजोबा खुर्चीत बसून हसले. मांडीवर पाच महिन्यांचा नातू होता. ठेवाल तिथे बसतो, हलत नाही, म्हणून त्याला सगळे ठोंब्या म्हणत. त्यानं आजोबांच्या शर्टाचं बटण तोंडात धरलं होतं आणि एखाद्या साहेबासारखा तो बैठकीकडे बघत होता. त्याची पावणेतीन वर्षांची बहीण दोन्ही हात पसरून टेबलाभोवती पळत होती. तिचं नाव भिंगरी का पडलं ते कुणाला सांगावं लागत नसे.

"विमान! विमान आलं! बाजूला व्हा!"

"विमान अकरा चाळीसला आहे," आत्यानं कागदावर बोट ठेवलं. "ठोंब्या साडेअकराला झोपतो. वहिनी त्याच्याजवळ सावलीत बसेल. मी रांग धरेन. दादा फोटो काढेल. आणि विमानात बसणार भिंगरी आणि..."

"आजोबा!" भिंगरी ओरडली.

"आणि आजोबा," आत्या म्हणाली, आणि आपल्या वडिलांकडे बघायचं तिनं टाळलं.

सगळ्यांनीच टाळलं. आजी गेल्याला सात महिने झाले होते. त्या सात महिन्यांत आजोबा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापलीकडे गेले नव्हते. कुणी काही सुचवलं की म्हणत, "तुम्ही जा, मी घर सांभाळतो." घर कुठे पळून जाणार होतं देव जाणे. या वेळी मात्र ते हो म्हणाले होते, तेही एका अटीवर. "विमानासाठी येतो. विमान झालं की मला बाकावर सोडा. आणि विमान नसेल तर मी घरीच बरा."

कारण विमान हा आजीचा शब्द होता.

पार्कमध्ये साखळ्यांना टांगलेली आठ लाल विमानं होती. गोल फिरत हळूहळू वर जायची. भिंगरी जेमतेम रांगत होती तेव्हाच आजीनं जाहिरात बघून पार्कात फोन लावला होता आणि नियम विचारून घेतला होता. नव्वद सेंटिमीटरच्या आतलं मूल विमानात चालत नाही, सोबत मोठं माणूस असलं तरी नाही. मग तिनं टेप आणली, बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाणाऱ्या दाराच्या चौकटीवर काळ्या रंगानं दहा-दहा सेंटिमीटरच्या रेघा ओढल्या, आणि नव्वदवर लाल रेघ ओढून शेजारी विमान काढलं. विमान बदकासारखं दिसत होतं. "दिसू दे," ती म्हणाली होती, "माझ्या नातीला कळतंय ना? डोकं या रेघेला लागलं की मी तिला विमानात बसवणार."

आणि गेल्या मंगळवारी, आजीच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच मोजलं, तेव्हा डोकं रेघेला लागलं होतं. लागलं काय, बोटभर वरच गेलं होतं. मुलानं तिथल्या तिथे रविवार ठरवला, बहिणीला फोन केला, बहिणीनं डेपोतल्या मेकॅनिककडून सात जणांची गाडी मागून घेतली. चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

"पुन्हा मोज! पुन्हा मोज!" भिंगरी चौकटीला पाठ लावून उभी राहिली. हनुवटी वर, पोट बाहेर.

"टाचा खाली," तिचा बाप म्हणाला.

"खालीच आहेत."

"खरंच खाली आहेत की गं," त्यानं वाकून बघितलं. "बघा, बोटभर वर! आठ महिन्यांत काय भेंडीसारखी वाढलीय पोरगी!"

टाळ्या पडल्या. ठोंब्यानंही बटण सोडून एक हुंकार दिला. तेवढ्यात सून स्वयंपाकघरातून बाटल्या पुसत बाहेर आली. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती, आणि कमी बोलायची. दोन दिवस तिच्या मनात काहीतरी होतं ते आजोबांनी ओळखलं होतं, पण विचारलं नव्हतं.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "लसीच्या कार्डावर सत्त्याऐंशी आहे."

टाळ्या थांबल्या. भिंगरी अजून चौकटीला चिकटूनच होती.

"कधीचं कार्ड?" नवऱ्यानं विचारलं.

"दहा दिवसांपूर्वीचं. मी स्वतः उभी होते तिथे."

"अगं, दवाखान्यात ती एक सेकंद तरी सरळ उभी राहते का? सुई बघून गोगलगाय झाली असेल."

"दोनदा मोजलं."

"वहिनी," आत्या म्हणाली, आणि त्या एका शब्दात सगळं आलं. आजीचं कपाट तिच्यामागे पंधरा दिवसांत रिकामं करून सुनेनं त्यात बाळंतविडा लावला होता, ते आत्या विसरली नव्हती. सुनेला तेव्हा आठवा महिना होता आणि घरात दुसरं कपाट नव्हतं, तेही कुणी तिला विचारलं नव्हतं. "आईनं स्वतः टेप लावून रेघा ओढल्यात. एकेक रेघ दोनदा तपासली. मी टेपचं टोक धरलं होतं. आता आईची मापंही चुकीची का?"

"मी आईंना चूक म्हणत नाहीये."

"मग कुणाला म्हणतेयस?"

"कुणालाच नाही! मी फक्त म्हणते, की तिथे माणूस उंची मोजायची काठी घेऊन उभा असेल. त्यानं नाही म्हटलं तर हिला कोण आवरणार? तुझ्या राखीव वीस मिनिटांत नाही बसणार ते."

मुलगा वडिलांकडे वळला. भांडण मिटवायची त्याची जुनी पद्धत होती, गाडं तिसऱ्याच्या अंगणात ढकलायचं. "बाबा, तुम्ही सांगा. चाळीस वर्षं मापातच गेलीत तुमची."

आजोबा फरशीवाले होते. शहरातल्या अर्ध्या शाळांच्या, दोन इस्पितळांच्या आणि मोजता येणार नाहीत इतक्या स्वयंपाकघरांच्या फरश्या त्यांच्या हातच्या. त्यांनी चौकटीकडे बघितलं. त्या बदकासारख्या विमानाकडे बघितलं.

"चौकट खोटं बोलत नाही," ते म्हणाले.

सून "बरं" म्हणाली आणि आत गेली. बाटल्यांचा आवाज जरा मोठा यायला लागला.

जेवणाआधी सामानाची रंगीत तालीम झाली. आत्याचा हट्टच होता. "डेपोतून गाडी बाहेर काढण्याआधी फेरी तपासतात." अंगणात मागून आणलेली गाडी उभी होती. तिच्या मागच्या भागात एकेक वस्तू जाऊ लागली. बाबागाडी, दुसरी घडीची बाबागाडी, लंगोटांची पिशवी, दुधाची पिशवी, केळी, ब्रेड, उकडलेले बटाटे, दोघांचे तीन-तीन कपडे, टोप्या, छत्री, औषधाचा डबा, ओले रुमाल, चादर.

"आपण एका दिवसाला चाललोय की घर बदलतोय?" मुलगा घाम पुसत म्हणाला.

"तुझे वडील घर सांभाळणार होते ना, आता घरच बरोबर घेऊन चाललोय," सून म्हणाली. ती हसली, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

बाबागाडी मिटेना. मुलानं इकडून दाबली, तिकडून ओढली, एक लाथ दिली. "ही बाबागाडी आहे की खेकडा?"

"लाल खटका, दादा."

"दाबलाय."

"तो ब्रेक आहे. हा खटका." आत्यानं बोटानं दाबलं आणि गाडी फटकन मिटली, मुलाचं बोट आत. त्याचं ओरडणं ऐकून भिंगरी इतकी खूश झाली की "परत कर, बाबा, परत कर" म्हणून मागेच लागली. शेजारची बाई गच्चीतून विचारू लागली, कुठे निघालात? भिंगरीनं मान वर करून सांगितलं, "मी विमानात! आजोबांना घेऊन!"

घेऊन. आजोबांना तो शब्द गुदगुल्या करून गेला. आपण हिला नाही, ही आपल्याला घेऊन चाललीय. खूप दिवसांनी त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं. जेवायला बसले तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि मुलानं बहिणीला कोपरानं ढोसलं ते त्यांनी बघूनही बघितलं नाही.

दुपारी दोन्ही पोरं झोपली. मुलगा गाडीत हवा भरायला गेला. आत्या तक्त्याची दुसरी प्रत काढत होती, सांडलं-लवंडलं तर असावी म्हणून. आजोबा उठले, जुन्या पेटीतून टेप काढली. सुनेला "बरं" म्हणायला लावलं ते त्यांना डाचत होतं. आपण सरळ मोजून दाखवू, ती समजुतीची आहे, विषय संपेल.

त्यांनी टेपचं टोक फरशीला टेकवलं आणि लाल रेघेपर्यंत ओढलं.

शहाऐंशी.

टेप सटकली असेल. पुन्हा लावली. चष्मा लावून बघितलं. शहाऐंशी. ऐंशीची रेघ शहात्तरवर. सत्तरची सहासष्टवर. सगळीकडे बरोबर चार कमी. चुकून इतकी सारखी चूक होत नाही. ते गुडघ्यावर बसले, आणि हात फरशीवर टेकला तेव्हा त्यांना कळलं. मापात चूक नव्हती. चूक त्यांच्या हाताखाली होती.

स्वयंपाकघर बैठकीपेक्षा चार सेंटिमीटर उंच होतं. तीस वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग आजी वॉकर घेऊन चालायला लागली, आणि त्या चढाला वॉकर अडायचा. एकदा ती पडता पडता वाचली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी माल आणला. अडुसष्टाव्या वर्षी, एकट्यानं, तीन दिवसांत त्यांनी बैठकीच्या जुन्या फरशीवर सिमेंट-वाळूचा मसाला टाकून नवी फरशी बसवली आणि दोन्ही खोल्या एका पातळीत आणल्या. गोटी ठेवली तर जागची हलणार नाही अशी पातळी. आजी सरळ चालत स्वयंपाकघरात गेली होती आणि म्हणाली होती, "आता कळलं, इतकी वर्षं लोक तुम्हाला का बोलवायचे ते." आयुष्यात त्यांना एवढी मजुरी कुणी दिली नव्हती.

आणि चौकट तिथेच राहिली होती. जमीन वर आली. भिंगरी आठ महिन्यांत भेंडीसारखी वाढली नव्हती. तिच्या पायाखाली चार सेंटिमीटर आजोबांनी सरकवले होते.

त्यांनी टेप गुंडाळून हातात धरली. कुणाला सांगितलंच नाही तर? पोरीला जाड तळव्याचे बूट घातले, काठीवाला घाईत असला, तर खपून जाईल. आणि नाही खपलं तर? विमानाच्या पायरीवरून पोरीला खाली उतरवतील. "आजीनं सांगितलं होतं," ती म्हणेल. मग आजी खोटी ठरेल. तिच्या नातीपुढे, अनोळखी माणसांपुढे, ती खोटी ठरेल, आणि तेही त्यांच्यामुळे.

दुसरंही एक मनात आलं, आणि ते त्यांना आवडलं नाही. विमान नाही तर आपल्याला जायला नको. अट आपलीच आहे. घर सांभाळायला मोकळे. मनाच्या कोपऱ्यात कुणीतरी हुश्श केलं, आणि त्या हुश्शची त्यांना लाज वाटली.

ते स्वयंपाकघरात गेले. सून उकळत्या पाण्यातून बाटल्या काढत होती.

"तुझं कार्ड बरोबर आहे," ते म्हणाले.

तिनं चिमटा खाली ठेवला.

त्यांनी सांगितलं. वॉकर, मसाला, चार सेंटिमीटर. सांगताना ते तिच्याकडे न बघता ओट्याकडे बघत होते. "सकाळी सगळ्यांपुढे मी तुला खोटं पाडलं. चौकट खोटं बोलत नाही म्हणालो. चौकट नाहीच बोलली. मी बोललो."

"बाबा, मला काही खरं ठरायचं नव्हतं." तिचा आवाज ओला झाला. "मी रोज वॉर्डात मुलांना सांगते, दुखणार नाही. आणि दुखतं. मग ती माझ्याकडे बघतात ना, ती नजर मला माझ्या पोरीची नको होती. एवढंच."

"एवढंच काय कमी आहे?"

दारात आत्या उभी होती, हातात तक्त्याची दुसरी प्रत. किती ऐकलं होतं कोण जाणे. बहुतेक सगळंच.

"म्हणजे आईचं माप बरोबर होतं," ती सावकाश म्हणाली.

"मिलिमीटरपर्यंत," आजोबा म्हणाले.

"आणि वहिनीचंही बरोबर."

"दोघींचंही. मधे मी आडवा आलो."

आत्यानं कागदाकडे बघितलं, मग वहिनीकडे. "मी सकाळी जरा जास्तच बोलले."

"जराच?" सून म्हणाली.

"बरं, लेट फेरीला दंड असतो. उद्याचे सगळे लंगोट बदलणं माझ्याकडे."

"सगळे? लिहून दे."

"तक्त्यातच टाकते." आणि तिनं खरंच उभ्या उभ्या पेन्सिलीनं लिहिलं. कपाटाबद्दल दोघींपैकी कुणी काही बोललं नाही, पण सुनेनं सरकून तिला ओट्याशी जागा दिली, आणि दोघी मिळून बाटल्यांची झाकणं लावू लागल्या.

मुलगा परत आला आणि त्याला सांगितलं तेव्हा तो खचला. "मी चार दिवस तिला विमान विमान करून नाचवलंय! ऐका, बुटात आतून जाड तळवा घालू. तीन सेंटिमीटर म्हणजे काय?"

"तीन सेंटिमीटर म्हणजे नियम," त्याची बायको म्हणाली.

"मग पुढे ढकलू. दोन-तीन महिने."

"गाडी उद्यापुरतीच आहे," आत्या म्हणाली. "तुझी रजाही. आणि पार्कात काय एकटं विमानच आहे? होडी आहे, छोटी आगगाडी आहे, मासे आहेत. दोन्ही पोरं चालतात तिथे. खेळ आहेत हो भरपूर, प्रश्न तिला सांगायचं कसं हा आहे."

"काय सांगणार? तू छोटी झालीस? मंगळवारी मोठी होतीस, आज छोटी?"

पावणेतीन वर्षांच्या मुलीला मसाला आणि पातळी कोण समजावणार?

"सांगायचं नाही," आजोबा म्हणाले. "दाखवायचं. पेटी आण माझी."

चौकटीपाशी कधी अख्खी फरशी येत नाही, तिथे कापलेला तुकडाच बसवावा लागतो. इथला तुकडा वीतभर रुंद आणि हातभर लांब होता. आजोबांनी गुडघ्याखाली उशी घेतली, सांध्यातला पांढरा भराव खरवडून काढला आणि छिन्नी तिरकी लावली. मुलाला वाटलं, आई चालली ती फरशी बाबा फोडतायत. तो म्हणाला, "बाबा, राहू दे, दुसरा मार्ग काढू."

"फोडत नाहीये. उचलतोय. बाजूला हो, उजेड येऊ दे."

तुकडा न फुटता निघाला. त्यांनी तो दोन्ही हातांनी भिंतीला टेकवून ठेवला. खालचा मसाला पाणी मारून, थोडा थोडा करत काढला. त्यांच्या कानांना ठोक्यांचा आवाज बरा वाटत होता. हात विसरले नव्हते. मसाला चौकटीला लागू नये म्हणून ते नेहमी थर्माकोलची पट्टी लावत, ती इथेही होती. खाली जुनी लाल फरशी दिसली, ओल्यानं चमकणारी. मग त्यांनी थर्माकोलची पट्टी ओढून काढली.

चौकटीच्या अगदी तळाशी, जुन्या फरशीला लागून, काळ्या रंगात एक रेघ होती. रेघेवर लहान, गोल अक्षरांत लिहिलं होतं:

इथून.

आजोबांनी चष्मा पुसला. फरशी घालताना चष्मा खिशात होता. घाई होती, पलीकडच्या खोलीत ती खोकत होती. त्यांनी न बघताच पट्टी लावली होती.

"आईचं अक्षर," आत्या खाली बसत म्हणाली. "मी टेपचं टोक धरलं होतं ना, म्हणाली, तू इकडेतिकडे धरतेस, थांब, लिहूनच ठेवते."

सुनेनं आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उचलला नाही.

ठोक्यांनी भिंगरी जागी झाली होती. केस एका बाजूला चपटे, हातात चादरीचं टोक. तिनं खड्डा बघितला आणि तिची झोप उडाली.

"कुणी केला?"

"मी," आजोबा म्हणाले. "इकडे ये. विमानाची गंमत सांगतो. आजीनं माप इथून घेतलं होतं, या लाल फरशीवरून. नंतर आजोबांनी वर दुसरी फरशी घातली. मग तू उंच जागी उभी राहिलीस. स्टुलावर उभी राहिलीस की कशी मोठी होतेस? तसं. चूक आजोबांची. आता खरं मोजू या. आत उभी राहा."

ती खड्ड्यात उतरली. गार फरशीनं तिनं बोटं आखडली. पाठ लावली, हनुवटी वर, पोट बाहेर. आजोबांनी तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, आणि सुनेनं आरसा आणून असा धरला की तिला रेघ दिसावी. लाल रेघ डोक्याच्या दोन बोटं वर होती.

भिंगरी बघत राहिली.

"विमान नाही?" तिनं विचारलं.

"उद्या नाही," आजोबा म्हणाले. "एवढं वाढलीस की आहे." त्यांनी तिच्या डोक्यावर दोन बोटं ठेवली. "दोनच बोटं."

तिचा खालचा ओठ बाहेर आला. आत्याची नजर आपोआप घड्याळाकडे गेली. ओठ थरथरला, डोळे भरले, आणि मग ती रडली. खरंखुरं, मोठ्यानं, खड्ड्यात उभी राहूनच. कुणी तिला उचललं नाही, कारण आजोबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसून राहिले. त्यांचं नाक तिच्या नाकासमोर होतं. तिला रडू दिलं. वीस मिनिटं लागली नाहीत. चारच लागली.

मग तिनं चादरीनं नाक पुसलं आणि आपल्या दोन बोटांकडे बघितलं. ती बोटं डोक्यावर ठेवली. आजोबांच्या बोटांपेक्षा बरीच बारीक होती.

"ठोंब्याला मोज," ती म्हणाली.

"अगं, त्याला उभं राहता येत नाही."

"मोज ना!"

मुलानं ठोंब्याला आणलं, काखेत धरून खड्ड्यात उभं केलं. ठोंब्यानं पायांची मूठ केली. डोकं साठच्या जरा वर आलं. भिंगरीनं वर लाल रेघ बघितली, खाली भाऊ बघितला, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की बाकीच्यांना हसू आवरेना.

"याला विमान नाहीच!" ती म्हणाली. "छोटा आहे! आजोबा, मी उद्या विमान बघणार. खालून. टाटा करणार."

"आणि होडीत बसणार?" आत्यानं पटकन विचारलं.

"होडीत सगळे! ठोंब्या पण!"

आत्या टेबलाकडे पळाली. खोडरबर घेतलं, अकरा चाळीसची ओळ खोडली, फुंकर मारली. पेन्सिल हातात घेऊन ती थांबली. मुलगा जवळ आला आणि आवाज खाली करून वडिलांना म्हणाला, "बाबा, मग तुम्ही? म्हणजे तुम्ही म्हणाला होतात..."

काय म्हणालो होतो ते आजोबांना नीट आठवत होतं. त्यांनी छिन्नी पुसली, पेटीत ठेवली, टेप ठेवली. मग उठले, आत गेले, आणि घडी केलेला एक शर्ट घेऊन बाहेर आले. पोरांच्या कपड्यांच्या पिशवीत, सगळ्यात वर, त्यांनी तो ठेवला.

"ठोंब्या बटणं चावतो," ते म्हणाले. "एक जादा असावा."

आत्यानं मान खाली घातली आणि कागदावर लिहिलं. लिहिताना वाचलं, कारण डेपोत तशीच पद्धत असते: "अकरा चाळीस. आजोबा आणि भिंगरी. विमानांना टाटा. वेळेची मर्यादा नाही."

"तू आणि मर्यादा नाही?" भाऊ म्हणाला.

"गप रे. ही खास फेरी आहे."

संध्याकाळी गाडीत सामान पुन्हा भरलं गेलं, कारण सकाळी भरलेलं कुणालातरी काहीतरी हवं म्हणून निम्मं बाहेर आलं होतं. बाबागाडीत पुन्हा एकदा मुलाचं बोट सापडलं. शेजारच्या बाईला भिंगरीनं नवी बातमी दिली, की मी दोन बोटं छोटी आहे आणि आमच्या घरात खड्डा आहे.

आजोबा तो खड्डा बुजवायच्या तयारीला लागले होते. थोडा मसाला कालवून तुकडा जागेवर बसवला की झालं, पाय अडकायला नको. ते घमेलं घेऊन आले तर भिंगरी त्यात उभी. पाठ चौकटीला, हनुवटी वर.

"बुजवू नका."

"अगं, कुणी पडेल."

"उद्या होडीतून आलो की परत मोजायचं आहे."

एका दिवसात कुणी दोन बोटं वाढत नाही, हे तिला सांगायला आजोबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. घमेलं भिंतीला टेकवलं. पेटीतून प्लायचा एक तुकडा शोधला, खड्ड्याच्या मापानं करवतीनं कापला, वर दोरीची कडी ठोकली. झाकण बसवलं, पायानं दाबून बघितलं. फरशीला बरोबर पातळीत आलं. मग कडी धरून पुन्हा उचललं, कारण ती बाजूला उभी राहून वाटच बघत होती.

"मोजू," ते म्हणाले. "आल्या आल्या मोजू. इथूनच."